कागद मिळाला, पुढे काय? नागपूर जिल्ह्यातल्या गावांसाठी सामूहिक वनहक्काची वाट

देवलापारच्या बाजूला एका गावात म्हाताऱ्या काकाजींनी ट्रंकेतून प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला सामूहिक वनहक्काचा कागद काढला. जिल्हाधिकाऱ्यांची सही, शिक्का, हेक्टरचा आकडा, सगळं होतं. वर्षातून दोनदा तो उन्हात दाखवायचा म्हणजे वाळवी लागत नाही, एवढाच त्याचा वापर. "कागद त भेटला भाऊ, आता का करायचं?" त्यांनी विचारलं. या लेखात दावा टाकण्यापासून तेंदूचे, म्हणजे विडीच्या पानांचे पैसे घरी पोचेपर्यंतचं सगळं घेतलं आहे, पण तो लिहायला घेतला तो काकाजींच्या या प्रश्नामुळे.

नागपुरात वनभवन आहे, वनविकास महामंडळाचं मुख्यालय आहे, राज्य जैवविविधता मंडळही इथेच आहे. अख्ख्या महाराष्ट्राच्या जंगलाचा कारभार सिव्हिल लाइन्सच्या आसपास चालतो. तरी पारशिवनी, रामटेक, उमरेड, भिवापूर, कुहीकडच्या कितीतरी गावांना आपल्या जंगलावर आपला कायदेशीर हक्क असू शकतो हे माहीत नसतं. गडचिरोलीतल्या गावांनी असा हक्क मिळवल्याच्या गोष्टी ऐकलेल्या असतात, पण "ते तिकडचं" म्हणून सोडून दिल्या जातात.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करून घ्या

गावात बैठक लावली की पहिला तास गोंधळात जातो, कारण तीन योजना एकाच श्वासात बोलल्या जातात.

पहिली, संयुक्त वन व्यवस्थापन समिती. १९८८ च्या राष्ट्रीय वनधोरणानंतर केंद्राने १ जून १९९० ला परिपत्रक काढलं आणि महाराष्ट्राने १९९२ मध्ये शासन निर्णय केला. गावाने जंगल राखायचं, त्याबदल्यात करारात लिहिलेला वाटा घ्यायचा. समितीत सचिव म्हणून वनविभागाचा कर्मचारी असतो. हा करार आहे. करार सरकार करतं आणि मोडूही शकतं.

दुसरी, पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा. तो फक्त अनुसूचित (आदिवासी म्हणून जाहीर केलेल्या) क्षेत्रात लागू होतो आणि नागपूर जिल्हा त्यात येत नाही. "पेसाखाली तेंदू विकू" असं कुणी म्हणालं तर त्याला थांबवा, दावा चुकीच्या दारात जाईल.

तिसरा, २००६ चा वनहक्क कायदा. हा देशभर लागू आहे, अनुसूचित क्षेत्राबाहेरही. राखीव वन, संरक्षित वन, अभयारण्य, अवर्गीकृत जंगल हे सगळं यात 'वनजमीन' आहे. इथे सरकार नवं काही देत नाही, आधीपासून असलेला हक्क मान्य करतं. म्हणून तो पुढच्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहत नाही. माझं मत स्पष्ट आहे: समिती असेल तर चालू ठेवा, पण ताकद वनहक्काच्या दाव्यात लावा.

आपल्याकडच्या झुडपी जंगलाची एक गंमत आहे. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत हा प्रकार महसुली कागदावर आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या ती गुरं चारायची जागा. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ ला हे झुडपी जंगल वनजमीनच मानलं. घरं, शाळा, रस्ते यांच्या दृष्टीने तो डोकेदुखीचा विषय आहे. सामूहिक दाव्यापुरतं बोलायचं तर चराईची ती जागा दाव्यात घ्यायला कचरू नका.

ग्रामसभा, समिती आणि कोरम

दावा गावाचा असतो, गट ग्रामपंचायतीचा नसतो. आपल्या जिल्ह्यात चार-चार गावांची एक ग्रामपंचायत आहे. सगळ्यांची मिळून एक वनहक्क समिती (दावा तयार करणारी, तपासणारी) केली की तीन गावांची माणसं बैठकीला येतच नाहीत आणि मग चौथ्याचं जंगल पहिल्याच्या नकाशात जातं. प्रत्येक गावाची वेगळी ग्रामसभा बोलवा, वेगळं ठरावबुक ठेवा. पहिली सभा बोलावण्याचं काम ग्रामपंचायतीचं, म्हणून सचिवाला लेखी पत्र द्या आणि पोच घ्या.

वनहक्क समिती १० ते १५ जणांची. त्यात आदिवासी सदस्य किमान दोनतृतीयांश आणि महिला किमान एकतृतीयांश. गावात आदिवासी कुटुंबच नसेल तरी महिलांची एकतृतीयांशाची अट राहते. सभेला गावातले निम्मे प्रौढ हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एकतृतीयांश महिला.

या कोरमवर, म्हणजे किमान हजेरीवर, बहुतेक दावे पुढे अडकतात. सभा झालेली असते, माणसंही आलेली असतात, पण सह्या तीसच असतात. बाया उठून स्वयंपाकाला गेलेल्या असतात आणि त्यांच्या अंगठ्यांची जागा कोरी. पाच वर्षांपूर्वी मी स्वतः ही चूक केली. सभा रात्री आठला ठेवली, भाषणं लांबली, सह्या शेवटी घेऊ म्हणालो. दावा परत आला तेव्हा कळलं की सह्या दारातच, आत येताना घ्यायच्या असतात. सभा दुपारी घ्या, धान रोवणीचे दिवस टाळा, आणि बायांची वेगळी बैठक आदल्या दिवशी घ्या. सरपण, मोहफूल, भाजी कुठून येते ते त्यांनाच माहीत असतं. गडी माणूस जंगलाचा आकडा सांगतो, बाया वाट सांगतात.

पुरावा: नागपूरकरांच्या हातातला हुकमी पत्ता

नियमांप्रमाणे किमान दोन पुरावे हवेत. लोक इथे घाबरतात, पण विदर्भातल्या गावाकडे असा कागद आहे जो राज्यात सगळ्यांकडे नाही: निस्तार पत्रक. मालगुजारी, म्हणजे इथली जुनी जमीनदारी, १९५० च्या कायद्याने गेली, पण मालगुजाराच्या जंगलातून गावाने सरपण, बांबू, चराई, दगड-मुरूम कुठून घ्यायचा याची गाववार नोंद झाली. सोबत वाजिब-उल-अर्ज असतो, त्यात पाण्याच्या, वाटेच्या, मासेमारीच्या रूढी लिहिलेल्या असतात. हे दोन्ही तहसीलच्या किंवा जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात मिळतात. नक्कल मागताना गावाचं जुनं नाव, पटवारी हलका आणि बंदोबस्त क्रमांक द्या, नाहीतर "मिळत नाही" हेच उत्तर येईल. रिठी झालेल्या (ओसाड पडलेल्या) गावाचं जंगल आज कोण वापरतं तेही विचारून ठेवा.

निस्तार पत्रक नसेल तर दावा संपत नाही. जनगणनेच्या नोंदी, वनविभागाची जुनी कार्य आयोजना, जंगलातले देवस्थान, जुनी विहीर, मसणवट, गुरांची वाट, माजी मालगुजारी तलाव हे सगळं चालतं. दावेदार नसलेल्या वयस्क माणसाचं लेखी निवेदनही चालतं. उपग्रहाचा नकाशा पूरक आहे, इतर पुराव्याची जागा तो घेऊ शकत नाही. आणि अमुकच कागद नाही म्हणून दावा फेटाळता येत नाही.

मिश्र वस्तीच्या गावांत एक प्रश्न हमखास येतो: "आम्ही आदिवासी नाही, आमचं काय?" इतर पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वस्ती दाखवावी लागते. ७५ वर्षं त्या भागातलं वास्तव्य दाखवायचं असतं, त्या तुकड्यावरचा ताबा नव्हे. ढिवर, गोवारी, कुणबी, बौद्ध कुटुंबं एकाच गावात राहतात आणि एकाच जंगलात जातात. सामूहिक दावा सगळ्या गावाचा म्हणूनच टाका. यावरून गावात फूट पाडणं फार सोपं असतं आणि ती पाडणारे असतातच.

अर्जाचे दोन नमुने लागतात. नमुना 'ब' सामूहिक वापराच्या हक्कांचा: गौण वनउपज (तेंदू, मोह, बांबू असं इमारती लाकूड सोडून मिळणारं), चराई, मासे, पाणी. नमुना 'क' जंगल राखण्याचा, वाढवण्याचा, त्याचं व्यवस्थापन करण्याचा. हा दुसरा नमुना २०१२ च्या दुरुस्तीने आला आणि बरेच जुने दावे फक्त 'ब' वर आहेत. काकाजींचा कागद मी उलटून पाहिला तो यासाठीच. तुमचाही पाहा. 'क' चं राहिलं असेल तर परत टाका.

नकाशा आणि मोजणी

हा टप्पा वही-पेन्सिलने सुरू करा, मोबाईलने नाही. चावडीवर खडूने गाव काढा, मग जुने लोक नाले, टेकड्या, पाणवठे, देव सांगतील. त्यानंतर शिवारफेरी. दोन-तीन दिवस लागतात. चुना, दोर, पाण्याच्या बाटल्या आणि प्रत्येक बाजूच्या शेजारी गावातली दोन माणसं सोबत. शेजाऱ्यांना न बोलावता केलेली फेरी पुन्हा करावी लागते. दोन गावांची हद्द एकमेकांवर चढत असेल तर दोन्ही वनहक्क समित्यांनी एकत्र बसून ठराव करायचा. तोडगा नाहीच निघाला तर प्रकरण उपविभागीय समितीकडे जातं, आणि तिथून ते लवकर परत येत नाही.

पडताळणीच्या दिवसाची लेखी सूचना वन आणि महसूल दोघांनाही द्या. आले तर पंचनाम्यावर हुद्दा, तारीख, शेऱ्यासह सही घ्या. नाही आले तर "सूचना देऊनही गैरहजर" असं लिहून काम पुढे न्या. वन आणि महसुलाचे नकाशे आणि मतदार याद्या पुरवणं ही उपविभागीय समितीची जबाबदारी आहे. झेरॉक्सच्या पैशांसाठी गावात वर्गणी काढण्याआधी त्यांच्याकडे मागणी टाका.

पुढे दावा ग्रामसभेच्या ठरावासह उपविभागीय अधिकाऱ्यांच्या समितीकडे, तिथून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हास्तरीय समितीकडे. फेटाळला किंवा क्षेत्र कमी केलं तर कारणासह लेखी कळवणं बंधनकारक आहे. ग्रामसभेच्या ठरावावर उपविभागीय समितीकडे आणि तिच्या निर्णयावर जिल्हा समितीकडे, प्रत्येक वेळी ६० दिवसांत अर्ज करता येतो. म्हणून पत्र मिळाल्याची तारीख पाकिटावरच लिहून ठेवा.

कागद हातात आल्यावर पहिले सहा महिने

आता काकाजींचा प्रश्न. कागद आला की नियम ४(१)(ई) खालची समिती नेमा. ही वनहक्क समितीपेक्षा वेगळी. तिचं काम जंगल राखणं, व्यवस्थापन आराखडा करणं आणि गौण वनउपजेचा वाहतूक परवाना देणं. हो, परवाना ही समिती किंवा ग्रामसभेने नेमलेला माणूस देतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरचा हक्क मिळाला, पण बांबू विकायला निघाले तेव्हा परवान्यावरच गाडं अडलं. २०११ च्या एप्रिलमध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. पुढच्याच वर्षी नियम बदलले. आज तुम्हाला ते भांडण पुन्हा करायचं नाही, नियम दाखवायचा आहे. परवाना पुस्तक छापून घ्या, क्रमांक टाका, शिक्का करा. वनपरिक्षेत्र कार्यालयाला नमुना सही माहितीसाठी देऊन ठेवा, म्हणजे चेकनाक्यावर रात्री दोनला फोन येत नाही.

ग्रामसभेच्या नावाने बँकखातं उघडा, ग्रामपंचायतीच्या खात्यात पैसे घेऊ नका. सह्या तिघांच्या, त्यात एक बाई, आणि एकाच घरातले दोघे नकोत. पॅनकार्ड लगेच काढा. एका राष्ट्रीयीकृत बँकेत आम्ही सात चकरा मारल्या. 'ग्रामसभा' हा प्रकार त्यांच्या संगणकातच नव्हता. शेवटी कायद्याची प्रत, हक्काचा कागद आणि ठराव अशी तीन पानं एका फाइलीत घालून शाखाधिकाऱ्यासमोर ठेवली तेव्हा काम झालं. ती फाइल आधीच तयार ठेवा.

आराखडा म्हणजे जाडजूड पुस्तक नव्हे. जंगलाचे चार-पाच तुकडे करा, प्रत्येकाला गावातलंच नाव ठेवा. कुठे काय आहे, काय कमी होतंय, काय थांबवायचं, कोणती कामं काढायची, एवढं लिहा. समतल चर, दगडी बांध, वनतळी, बांधावरची झाडं ही कामं रोजगार हमीत बसतात. मग ग्रामसभेत एक-एक तुकडा वाचून मंजूर करा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तेंदूपत्ता तोडायचाच नाही असं ठरवलं, कारण त्यासाठी फांद्या तोडल्या जातात आणि जंगलाला आग लावली जाते. उत्पन्नासाठी त्यांनी बांबू धरला. अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरने उजाड टेकडी राखली आणि सीताफळं विकली. तुमच्याकडे बांबू नसेल, पण मोह असेल, चारोळी असेल, आवळा असेल. काय विकायचं हे जंगल पाहून ठरवा, शेजारचं गाव पाहून नको.

काही नियम मात्र मी कुठेही आग्रहाने सुचवतो.

आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. मार्चमध्ये मोहफूल वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात आणि त्यातूनच वणवा पेटतो. पाला झाडून गोळा करा किंवा झाडाखाली जाळी अंथरा. फूलही स्वच्छ निघतं, भाव चांगला मिळतो. जाळरेषा, म्हणजे आग अडवायला साफ केलेले पट्टे, जानेवारीअखेर काढून झाल्या पाहिजेत. चारोळीची वेगळी कथा. उद्या दुसरा तोडेल म्हणून आज मी कच्ची तोडतो, आणि अख्खं गाव कच्ची चारोळी विकतं. ग्रामसभेने तोडणीची तारीख ठरवून मुनादी (दवंडी) दिली की हा प्रकार थांबतो. आधी तोडणाऱ्याला दंड किती तेही त्याच दिवशी ठरवा. आणि पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडलाच्या आसपास असाल तर पहाटेच्या अंधारात मोहाला जायचं नाही, एकटं जायचं नाही. वाकून वेचणारा माणूस वाघाला माणूस वाटत नाही.

तेंदूचा पैसा, पुडक्यापासून घरापर्यंत

इथे थोडं थांबतो, कारण गावात पैसा येतो तो इथूनच आणि भांडणंही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये खुटकटाई, म्हणजे तेंदूची झुडपं बुडाशी छाटायची. ती झाली की पान मऊ आणि मोठं येतं आणि पानासाठी आग लावायची गरज उरत नाही. तोडणी मे महिन्याच्या आसपास, पंधरा-वीस दिवसांचा खेळ. आपल्याकडे ७० पानांचा एक पुडा आणि १००० पुड्यांचा एक मानक बोरा.

निविदा डिसेंबर-जानेवारीतच काढा, एकट्या गावाने नको. आसपासची चार-पाच हक्क मिळालेली गावं एकत्र आली की व्यापारी स्वतः येतो. करारात तीन गोष्टी शाईने: अनामत रक्कम तोडणीआधी, मजुरी दर आठवड्याला, आणि उरलेली रॉयल्टी (व्यापाऱ्याने गावाला द्यायची रक्कम) जमा झाल्याशिवाय बोरा गोदामातून हलणार नाही. तिसरी अट बहुतेक जण लाजेखातर सोडतात. एका हंगामात आमच्या ओळखीच्या एका गावाने विश्वासावर माल सोडला आणि दोन वर्षं फोनच केले.

फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागी, पुडे मोजायला मुन्शी गावातलाच, शिकलेली पोरगी असेल तर उत्तम. प्रत्येक घराचं एक कार्ड, त्यावर रोजचे पुडे आणि दोघांची सही. शेकड्यामागे दोन-चार पुडे 'सूट' म्हणून मागितले जातात. ते द्यायचे की नाही हे ग्रामसभेत ठरवा, फळीवर नाही.

आता वाटप. समजा गावाने ५० बोरे काढले, म्हणजे ५०,००० पुडे, आणि दर बोऱ्याला १०,००० रुपये ठरला. एकूण ५ लाख. मजुरी पुड्यामागे ४ रुपये धरली तर २ लाख थेट तोडणाऱ्यांना. फळी, मुन्शी, सुतळी, गोदाम यांचे ४०,००० वजा करा. उरले २ लाख ६० हजार. यातला अर्धा बोनस, म्हणजे पुड्यामागे २ रुपये ६० पैसे. पाव भाग जंगलासाठी, राखणदाराचा पगार आणि जाळरेषा. उरलेला पाव गावासाठी. १००० पुडे आणणाऱ्या बाईला एकूण ६६०० रुपये पडतात. आकडे तुमचे वेगळे असतील, पण हिशेब याच क्रमाने करा आणि टक्के हंगामाआधी ठरवा. पैसा दिसल्यावर ठरवायला बसलात की सगळ्यांना आपल्या गल्लीतली नाली आठवते.

जे तोडायला जाऊ शकत नाहीत, म्हातारे, अपंग, एकट्या बाया, त्यांच्यासाठी गावनिधीतून काही ठेवायचं का हा अवघड प्रश्न आहे. मी गावोगावी वेगळी उत्तरं पाहिली. "घाम नाही त पैसा नाही" म्हणणारीही आणि "जंगल सगळ्याइचं हाय" म्हणणारीही. दोन्हींत तथ्य आहे. एवढंच सांगेन, हा ठराव बायांच्या बैठकीतून येऊ द्या.

सामूहिक हक्काच्या गौण वनउपजेच्या गोळा करण्यावर वनविभागाची रॉयल्टी किंवा शुल्क लागत नाही. कर आणि जीएसटीसाठी मात्र रामटेक किंवा उमरेडच्या एखाद्या सीएला हंगामाआधीच भेटून घ्या.

हिशेब वाचायचा दिवस पोळ्याच्या आदल्या आठवड्यातला ठेवा. तेंदूची शेवटची रक्कम तोवर आलेली असते, रोवणी आटोपलेली असते आणि नागपूरला कामाला गेलेली पोरंही सणाला परततात. वही मोठ्याने वाचा, घरागणिक पुडे आणि रक्कम भिंतीवर लावा, आणि दुसऱ्या दिवशी कुणी हरकत घेतली तर ती त्याच वहीत पुढच्या पानावर लिहून घ्या. काकाजींच्या गावात मागच्या वर्षी पहिली हरकत खुद्द काकाजींनीच घेतली. त्यांचे चाळीस पुडे कमी लागले होते.